बायडाबाईची उशी

बायडाबाईची उशी भर रांगेत खाली पडली तेव्हा दूध संस्थेत निम्मी आळी हजर होती. उशी म्हणजे झोपायची नव्हे. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात कापूस भरून तिने स्वतःच शिवलेली, ओंजळीत मावेल एवढी. कॅन्सरने डावा स्तन गेल्यापासून ती उशी ब्लाऊजच्या आत त्या जागी बसायची. त्या सकाळी किटली उचलायला बायडाबाई वाकली आणि उशी सुटली ती थेट दुधाची फॅट मोजायच्या मशीनसमोर जाऊन पडली.  कुणी पत्र्याकडे बघायला लागलं, कुणाला अचानक फोन आला. बायडाबाईने उशी उचलली, तिला चिकटलेला भुस्सा झाडला, भिंतीकडे तोंड करून ती जागच्या जागी बसवली आणि मापावरच्या माणसाला म्हणाली, "बगतोयस काय? फॅट लाव."

पेठ वडगावच्या ओढ्यापलीकडच्या आळीत राहणाऱ्या या बाईने ही हकिकत कोल्हापूरच्या दवाखान्यात, बाकड्यावर बसून, हातवारे करून सांगितली. ऐकणाऱ्या बायका डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. नर्ससुद्धा दारात थांबून हसली. शेजारी बसलेली रत्नव्वा तेवढी हसली नाही. सांगून झाल्यावर बायडाबाईने पदर सारखा केला, मग परत केला, मग परत केला, हे तिने बघितलं होतं.

त्या बाकड्याबद्दल सांगायला हवं. केमोच्या खोलीबाहेर एक लांब लोखंडी बाकडं आहे. त्यावर बायका आपला नंबर येईपर्यंत बसतात. नवीन आलेली बाई कडेला बसते, डोक्यावरून पदर ओढून, सोबत आलेल्या नवऱ्याला किंवा भावाला चिकटून. रत्नव्वाही पहिल्या दिवशी अशीच बसली होती. ती कुरुंदवाडची. नवरा गेल्यापासून धान्याचं दुकान ती आणि तिचा मुलगा वीरेश सांभाळतात. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि राग आला की दोन्ही. पण त्या दिवशी तिला कुठलीच भाषा सुचत नव्हती. तेवढ्यात एक उंच, सावळी, केस गेल्यामुळे डोक्याला टॉवेल गुंडाळलेली बाई येऊन शेजारी धप्पदिशी बसली.

"कुठलं पावणं?"

"कुरुंदवाड."

"डावी का उजवी?"

रत्नव्वाने आजूबाजूला पाहिलं. असं कुणी विचारतं का? पण ती बाई उत्तराची वाट बघत बसली होती. "डावी," रत्नव्वा हळूच म्हणाली.

"माजी बी डावीच. मग आपन भनी झालो की." आणि तिने पिशवीतून डबा काढून पुढे केला. "भडंग हाय. तोंडाला चव न्हाय म्हनत्यात न्हवं? त्यात म्या मिरची लई घातलीया. चव न्हाय लागली तर जाळ तरी लागंल."

तेव्हापासून रत्नव्वा तिला अक्का म्हणायला लागली.

बायडाबाई सगळ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, आणि ती सांगताना मात्र तिचा आवाज खाली यायचा. "म्हशीची कास म्या सांजसकाळ चाचपतो. गाठ लागली की लगीच गुरांचा डॉक्टर. आनि सोताची? तांब्याभर पानी घेतलं की आंगूळ संपली. एक दिस साबन लावताना हात थांबला. म्हशीला लागती तसलीच गाठ. चार म्हैनं कुनाला बोललो न्हाय. म्हशीला चार तास बी थांबवली नसती." मग ती समोरच्या बाईकडे, तिच्यासोबत आलेल्या बहिणीकडे, फरशी पुसणाऱ्या मावशीकडे बोट करायची. "तू चाचपतीस का? आज जाऊन चाचप." दूध संस्थेच्या रांगेतही ती हेच करायची. पुरुषमाणसं उभी असली तरी करायची. काहींना ते आवडत नसे. पण तिच्या आळीतल्या दोन बायका वेळेवर तपासून आल्या, त्यांतल्या एकीची गाठ लहान असतानाच सापडली, ती आज ठणठणीत आहे, आणि ज्यांना आवडत नव्हतं त्यांतल्याच एकाची ती बायको आहे.

रत्नव्वाच्या मनात तिच्याबद्दल जी माया होती, तिचं कारण मात्र वेगळं होतं. रत्नव्वा लिंगायत. लग्नाआधीपासून तिच्या गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग असतं आणि ते छातीवरच विसावतं. ते अंगावेगळं करायचं नाही, हा घरचा नेम. रेडिएशन सुरू झालं तेव्हा मशीनखाली झोपताना दोरा आणि डबी काढूनच ठेवावी लागणार होती. रत्नव्वा अडून बसली. टेबलावर ठेवणार नाही, कुलपातल्या खणात ठेवणार नाही, वीरेशला रोज दुकान सोडून येता येत नाही. "मग माज्या हातात दे," बायडाबाई म्हणाली. "तू आत जा. माजा नंबर तुज्या मागनंच हाय. म्या दारात बसतो."

पाच आठवडे बायडाबाई रेडिएशनच्या खोलीच्या दारात चप्पल काढून, ओंजळीत ती डबी धरून बसली. कुणाशी बोलली नाही, हेच तिच्यासाठी केवढं तरी होतं. पण खरी गोष्ट रत्नव्वाला फार उशिरा, हंबीररावांकडून कळली. हंबीरराव म्हणजे बायडाबाईचा नवरा. जुना पैलवान, कान मोडलेले, खाण्यापिण्याच्या बाबतीत तडजोड नाही. "पाच आठवडं घरात मटन शिजलं न्हाय, पावनीबाई," त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं. "म्हनाली, रोज देवाला हात लावायचा हाय. माजा काय गुना?"  तिच्या घरातल्या थोरल्यांनी परक्या हातात लिंग दिल्याचं ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता. पण कोल्हापूरच्या मराठ्याच्या घरात पाच आठवडे मटण बंद ठेवणाऱ्या बाईला परकी कोण म्हणेल?

तर अशा बायडाबाईने उपचार संपून वर्ष झाल्यावर सांगितलं, की मला छाती परत करून घ्यायची आहे.

रत्नव्वाला पटलं नाही. तिने तोंडावर सांगितलं. "अक्का, एकदा सुरी लागली ती बास न्हाय का? परत चिरून घ्यायला निगालीस? मला बग. म्या उशी बी घालत न्हाय न् काय बी न्हाय. सपाट तर सपाट. शिवानं ठेवलंय तेवढं माजं."

"तुजं तुला बरोबर," बायडाबाई म्हणाली. "माजं मला."

घरीही तेच. हंबीरराव म्हणाले, "आता या वयात कुनाला दाकवायचंय?"

"मला," बायडाबाई म्हणाली. "आंगूळ करताना तितं म्या एकटीच असतो न्हवं?"

पैलवान वैरण तोडायला निघून गेले. आपल्याकडे बाईच्या दुखण्यात सगळ्यांना सल्ला द्यायचा असतो. तिला काय हवंय हे विचारायला मात्र कुणाला सुचत नाही. रत्नव्वालाही सुचलं नव्हतं. बाकड्यावर तिने पदराची ती धडपड पाहिली होती, आणि पाहूनही सल्लाच दिला होता, हे तिला परतीच्या एसटीत टोचत राहिलं.

बाकड्यावर पूर्णिमा नावाची एक अंगणवाडीची सेविका होती, मलकापूरची, सगळ्यांत तरुण. तिचा उजवा स्तन काढतानाच डॉक्टरांनी आत कृत्रिम भाग बसवून छाती पुन्हा उभी केली होती. तपासणीच्या एका दिवशी बायडाबाईने तिला सरळ विचारलं, "दाकवतीस?" पूर्णिमा लाजली नाही. बायकांच्या बाथरूममध्ये दोघी आत गेल्या आणि रत्नव्वा दार धरून उभी राहिली, बाहेर तोंड करून. पण बेसिनवरचा आरसा समोरच होता आणि दार पुरतं लागत नव्हतं.

पूर्णिमाने ब्लाऊजची बटणं काढली. "हात लावा, मावशी."

बायडाबाईने आधी हाताची पालथी बाजू टेकवली. "गरम हाय की गं!"

"माझंच कातडं आहे. गरमच असणार."

"हात लावलेला कळतोय तुला?"

पूर्णिमाने मान हलवली. "नाही. ते कळत नाही. खोटं कशाला सांगू? पण वाकले की घाबरत नाही आता. मुलांना उचलते तेव्हा कुठं काय सरकलं ते बघावं लागत नाही."

"बास," बायडाबाई म्हणाली. "तेवडंच पायजे." आरशात रत्नव्वाला तिचा चेहरा दिसला. दूध संस्थेत तिने जे कुणाला दाखवलं नव्हतं ते सगळं त्या चेहऱ्यावर होतं. रत्नव्वाने मान खाली घातली आणि त्यानंतर ती त्या विषयावर एक अक्षर विरोधात बोलली नाही.

प्लास्टिक सर्जन बाई चांगल्या होत्या. रेडिएशनने कातडी आक्रसली आहे, तेव्हा पूर्णिमासारखं जमणार नाही, पोटावरची कातडी आणि चरबी घेऊन नवी छाती करू, असं त्यांनी चित्र काढून समजावलं. "म्हंजी प्वॉट कमी आनि छाती परत," बायडाबाई म्हणाली. "दोन्हीकडनं फायदाच की." मग डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. दोन महिने वाकायचं नाही, वजन नाही, भारा नाही, आणि उकिडवं बसून धार काढणं तर मुळीच नाही. बायडाबाईने तारीख मोजूनमापून घेतली होती. तिच्या दावणीला एकच म्हैस होती, चंद्री. ती तेव्हा गाभण असणार, आटलेली असणार, धारेचा प्रश्नच नव्हता.

पण म्हशीने कुठं तारीख घेतली होती? चंद्री लवकर व्याली. रेडकू अशक्त निघालं आणि आठवड्यात दगावलं. रेडकू असलं की ते तोंड लावतं, म्हैस पान्हा सोडते आणि मग धार कुणीही काढावी. रेडकू गेलेली म्हैस एकाच माणसावर जीव लावते. चंद्रीने तो बायडाबाईवर लावला. हंबीरराव जवळ आले की ती लाथ उगारायची. त्यांनी कधीकाळी तिला काठीने बडवलं होतं आणि ती विसरली नव्हती. धार निघाली नाही तर कास दगडासारखी होते, गाठी धरतात, म्हैस कामातून जाते.

ऑपरेशनला आठवडा असताना बायडाबाईचा फोन आला. "तारीख फुडं ढकलतो. फुडल्या वर्सी बगू."

"अक्का, फुडल्या वर्सी तू जानार न्हाईस. मला ठावं हाय."

"मग न्हाय तर न्हाय. उशी हाय की." असं म्हणून तिने फोन ठेवला. रत्नव्वाने दुकान वीरेशवर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी वडगाव गाठलं. एसटी मिळेल तशी, उभ्याने, रागात.

गोठ्यात हंबीरराव म्हणत होते, "इकून टाकू म्हस. सोपं काम."

"तिचं प्वार गेलंय," बायडाबाई म्हणाली. "आनि आता मी बी घालवू तिला?"

"दाजी, तुमी गप बसा," रत्नव्वा म्हणाली. "अक्का, धारेला म्या येतो. दोन म्हैनं हितंच ऱ्हातो. मला काय म्हस म्हाईत न्हाय व्हय? म्हायेरात चार व्हत्या."

"डाव्या हाताला तुज्या जोर न्हाय. काखंतल्या गाठी काडल्यात. लाथ बसली तर हात फुगंल."

"उजवा हाय की. डावा पूर्णिमा आनंल. तिचा उजवा गेलाय, डावा चांगला हाय. दोगींचं मिळून दोन हात झालं. तंगी येती म्हनालीया, रजा टाकून." धाकट्या बहिणीला कानडीत तंगी म्हणतात, आणि रत्नव्वा पूर्णिमाला तेच म्हणायची.

बायडाबाईने चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला. "वासावर हाय ती," ती म्हणाली. "माजं धारेचं लुगडं नेसावं लागंल."

ही गोष्ट गुरं राखणाऱ्या सगळ्याच बायांना ठाऊक आहे. धार काढणारी परगावी गेली तर दुसरीने तिचं लुगडं अंगावर घ्यायचं. म्हैस आधी वास घेते, मग माणूस बघते. बायडाबाईचं धारेचं लुगडं एकच होतं, विटकं, शेणादुधाने कडक झालेलं. पूर्णिमा आली त्या संध्याकाळी रत्नव्वा ते लुगडं नेसली, पूर्णिमाने त्याच्याच पदरात डोकं घातलं, आणि दोघी एका लुगड्यात चंद्रीखाली बसल्या. बायडाबाई शेजारी उभी होती. चंद्रीने पान्हा सोडला. एका उजव्या आणि एका डाव्या हाताने बादली भरली. बायडाबाईने तिथेच सांगून टाकलं, की ठीक आहे, जातो.

दुसऱ्या दिवशी दुपारी हंबीरराव तिला घेऊन कोल्हापूरला गेले. निघताना ती रत्नव्वाला म्हणाली, "सकाळी धार झाली की फोन कर. त्याशिवाय म्या आत जानार न्हाय. सांगून ठेवतो."

घरात रत्नव्वा आणि पूर्णिमा राहिल्या. आणि आता त्यांच्या हातून जे झालं ते दवाखान्यातून आलेल्या बायकांच्याच हातून होऊ शकतं. वर्षभर त्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलेलं, हात धुवा, पाणी उकळा, घाण अंगाला लागू देऊ नका, जखमेला जंतू लागतील. उपचार संपून गेले तरी ते अंगात मुरलेलं. त्यात रत्नव्वा म्हणजे आंघोळ करून पूजा झाल्याशिवाय पाणी न पिणारी. आदल्या संध्याकाळी कसंबसं नेसलेलं ते लुगडं खुंटीवर बघून तिला राहवेना. आणि तंगीच्या अंगावर तर अजून टाके ताजे असल्यासारखी ती तिला जपायची. तिने लुगडं उकळत्या पाण्यात घातलं, साबण लावला, वर जंतुनाशकाचं झाकण ओतलं. पूर्णिमाने ते पिळून उन्हात टाकलं. संध्याकाळी लुगडं ओलंच होतं, आळीतल्या एका म्हातारीने येऊन चंद्रीला चुचकारून, तिने पान्हा सोडला नाही तरी, चार धारा पिळल्या, म्हणून तेव्हा काही कळलं नाही.

पहाटे दोघी लुगडं नेसून, चुळा भरून, पेंडीच्या आंबोणाचं घमेलं घेऊन गोठ्यात गेल्या. चंद्रीने मान वळवली, हुंगलं, आणि अशी फुसकारली की पूर्णिमा मागच्या मागे बसली. लुगड्याला दवाखान्याचा वास येत होता. रत्नव्वाने पुन्हा प्रयत्न केला. बादली भिंतीवर जाऊन आदळली.

"मावशी," पूर्णिमा हळूच म्हणाली, "आपण लुगडं धुतलं."

रत्नव्वाने कपाळावर हात मारला. "अय्य शिवा! म्या धुतलं. म्या धुतलं गं."

फोन वाजला. तिकडे बायडाबाई हिरवा गाऊन घालून तयार होती. "दिली का?"

खोटं बोलणं सोपं होतं. झाली म्हणायचं, ती आत जाईल, पुढचं पुढे. रत्नव्वाच्या जिभेवर ते आलंही. पण बाथरूममध्ये पूर्णिमाने अक्काला खोटं सांगितलं नव्हतं, आणि पाच आठवडे अक्काने तिची डबी धरली होती. "न्हाय दिली," ती म्हणाली. "लुगडं म्या धुतलं, अक्का. चुकलं माजं."

 पलीकडून बायडाबाईचा आवाज आला, सिस्टरला उद्देशून. "ढकलू नगा गाडी. माजं लुगडं द्या. घरला जातो म्या." मागून सिस्टर ओरडत होती, हंबीरराव काहीतरी समजावत होते.

"थांब!" रत्नव्वा ओरडली. "अर्धा तास थांब. तुला माज्या लिंगाची आन हाय." अशी शपथ तिने आयुष्यात कधी घातली नव्हती. फोन पूर्णिमाच्या हातात कोंबून ती घरात धावली. अक्काचा वास लागलेलं काहीतरी हवं होतं. पेटी उघडली, सगळं धुवून घडी घातलेलं. अंथरूण पाहिलं, चादरी बदललेल्या. पावण्या येणार म्हणून बायडाबाईने घर चकाचक करून ठेवलं होतं. रत्नव्वा रडकुंडीला आली. आणि आरशाजवळच्या कोनाड्यात तिला उशी दिसली.

बायडाबाईने ती तिथे ठेवून दिली होती. आता लागणार नाही म्हणून नेली नव्हती, आणि टाकवली नाही म्हणून टाकली नव्हती. रत्नव्वाने ती नाकाला लावली. घाम, दूध, भुस्सा, गोठा. सांजसकाळ म्हशीच्या पोटाला टेकून बसणाऱ्या बाईच्या छातीवर दोन वर्षं राहिलेली ती वस्तू होती. अक्काच होती ती.

सपाट तर सपाट म्हणणाऱ्या रत्नव्वाने ती उशी स्वतःच्या ब्लाऊजमध्ये, डाव्या बाजूला सारली. इतक्या दिवसांनी दोन्हीकडे भार आल्यावर तिला कसंसंच झालं, डोळे भरून आले. पण रडायला वेळ नव्हता. धुतलेलं लुगडं तिने सोडून टाकलं, आपल्याच साडीचा काचा मारला आणि गोठ्यात जाऊन चंद्रीच्या तोंडापुढे छाती करून उभी राहिली.

चंद्री हुंगत राहिली. नाक उशीपाशी नेलं, बाजूला घेतलं, परत नेलं. मग तिने मान खाली घातली आणि आंबोणात तोंड घातलं. रत्नव्वा खाली बसली, अक्का टेकवते तसं कपाळ चंद्रीच्या पोटाला टेकवलं. पूर्णिमा डावा हात घेऊन शेजारी आली. कास मऊ पडली. पहिली धार बादलीच्या बुडावर वाजली तेव्हा पूर्णिमाने फोन बादलीच्या काठाशी धरला.

 चुर्र, चुर्र. पलीकडून बायडाबाई बोलली. "आंबोण भिजवून घातलीस का?"

"घातली."

"मग न्या मला," ती तिकडे कुणाला तरी म्हणाली.

ऑपरेशन दिवसभर चाललं आणि नीट झालं. पूर्णिमाची रजा संपल्यावर ती मलकापूरला परतली आणि डाव्या हाताचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा हंबीरराव गोठ्याच्या दारात येऊन घसा खाकरून म्हणाले, "पावनीबाई, म्या बसू का?" गोठ्यात टांगून पुन्हा वास धरलेलं बायकोचं लुगडं डोक्यावरून घेऊन, रत्नव्वाच्या आडोशाने, मोडक्या कानांचा तो पैलवान चंद्रीखाली बसला. आळीने मनसोक्त हसून घेतलं. पैलवान म्हणाले, "हसा की. घरात कुस्ती कुनाशी हाय ते तुमाला काय म्हाईत?" चंद्रीने त्यांना लाथ मारली, पण मनापासून नाही. पुढे सवय झाली. खाटेवर पडल्या पडल्या बायडाबाई दोघांना सूचना द्यायची आणि रत्नव्वा रोज, दोन्ही वेळेला, उशी घालून धारेला बसायची.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या संध्याकाळी बायडाबाई स्वतः बादली घेऊन गोठ्यात आली. चाल सावकाश होती, पण पदर खांद्यावर नीट बसला होता आणि तिने एकदाही तो चाचपला नाही. "ये गं माजी चंद्रे," म्हणत ती बसली. चंद्रीने हुंगलं आणि पाय उचलला.

"भवानी! मला वळकत न्हाईस व्हय?" बायडाबाई कडाडली. दोन महिने मलमं, गोळ्या आणि जंतुनाशकात धुतलेल्या साड्या, अंगाला आता दवाखान्याचाच वास होता. चंद्री मान वळवून रत्नव्वाकडे बघत होती.

रत्नव्वाला हसू आवरेना. तिने ब्लाऊजमध्ये हात घालून उशी काढली. एकदम हलकं वाटलं तिला. पुन्हा आपली सपाट छाती आणि त्यावर आपलं लिंग, होतं तसं. "घे अक्का, तुजी ठेव," ती म्हणाली. "घालून बस. पान्हा सोडंल ती."

बायडाबाईने उशी घेतली. सवयीने तिचा हात पदराखाली गेला, डाव्या बाजूला, जिथे दोन वर्षं जात होता. आणि तिथेच थांबला.

उशी हातातच राहिली. दूध संस्थेत जिच्या डोळ्यांतून थेंब आला नव्हता, त्या बाईच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं.

"रत्नव्वा," ती म्हणाली, "जागा न्हाय गं."

रत्नव्वाने तिच्या हातातून उशी घेतली, खुंटीवरची सुतळी ओवली आणि चंद्रीच्या गळ्यात, तिच्या नाकाला वास लागेल अशी, घुंगराच्या शेजारी बांधली.